'एंजल अँड द बॅडमॅन' (१९४७): क्वेकरांचं 'तू' मराठीत कसं आणावं?

पाणंद

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. शेवटही सांगून टाकला आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट कोऱ्या पाटीने बघायचा आहे त्यांनी आधी बघून या.

गेले तीन आठवडे मी या जुन्या वेस्टर्नची मराठी सबटायटल्स करतेय. आईसाठी. आई ७४ वर्षांची, इंग्रजी तिच्या कानावरून जातं पण हाती लागत नाही. बाबा होते तोवर शेजारी बसून ते तिला गोष्ट सांगत राहायचे, "आता हा त्याला म्हणतोय..." असं. घोडे, धूळ आणि एकच रस्ता असलेलं गाव, एवढं असलं की बाबा खूश. ते गेल्यावर आईने सहा महिने टीव्ही लावला नाही. मग एकदा आपणहून म्हणाली, "तुझ्या बाबांचा तो गोळीबाराचा लाव एखादा." तेव्हापासून रात्री जेवणं झाली की तासभर मी हेच करत बसते.

गोष्ट अशी. क्वर्ट इव्हान्स (जॉन वेन) हा नावाजलेला बंदूकबाज. जखमी अवस्थेत घोडा पिटाळत येतो आणि वर्थ कुटुंबाच्या शेतात कोसळतो. कुटुंब क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथातलं. शस्त्र धरायचं नाही, खोटं बोलायचं नाही, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. हा पडल्या पडल्या म्हणतो, आधी मला तारऑफिसात न्या. गाडीत घालून नेतात. जमिनीच्या हक्काची तार ठोकून होते आणि मगच तो शुद्ध हरपतो. डॉक्टर बजावतात, ही ब्याद घरात ठेवू नका. ते ठेवतात. मुलगी पेनी (गेल रसेल) त्याची शुश्रूषा करते, त्याच्या प्रेमात पडते आणि ते त्याला सरळ सांगते. लाजणं-मुरकणं नाही, कारण मनात एक आणि तोंडावर एक हे त्या घरात चालतच नाही. बावचळतो तो क्वर्ट. जॉन वेनला इतकं बावचळलेलं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

एक प्रसंग मी दहा-बारा वेळा मागे नेऊन पाहिला. क्वर्ट तापात बरळतोय, तळमळतोय, हात सारखा कमरेशी जातोय. पिस्तूल शोधतोय. घरचे काय करतात, तर गोळ्या काढून रिकामं पिस्तूल त्याच्या हातात ठेवतात. हात मुठीशी घट्ट होतो आणि माणूस शांत झोपी जातो. अंगाईचं गाणं नाही, उपदेश नाही. पुढे त्याचा वैरी लॅरेडो आपल्या साथीदाराला घेऊन घरात येतो. क्वर्ट दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की पिस्तूल रिकामं आहे. तसाच रोखून बसतो. समोरचे दोघे त्याला भरलेलं समजतात आणि मुकाट सौद्याचं बोलू लागतात.

आता माझी अडचण. वर्थ मंडळी सगळ्यांना 'दी' म्हणतात. म्हणजे इंग्रजीतलं जुनं 'तू'. नवऱ्याला, मुलाला, डॉक्टरला, मार्शलला (म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला) आणि या खुनी म्हणून बदनाम झालेल्या अनोळखी माणसालासुद्धा. पहिल्या फेरीत मी पेनीच्या तोंडी 'तुम्ही' घातलं. "तुम्ही पडून राहा, तुमची जखम ओली आहे." वाचायला गोड लागतं, पण मग ती साताऱ्याच्या वाड्यातली सून वाटायला लागली. दुसऱ्या फेरीत 'तू' केलं, तर पहिल्या भेटीतच ती सलगी करतेय असं झालं. आमच्या घरात आई बाबांना आयुष्यभर 'अहो' म्हणाली आणि मी त्यांना 'अरे बाबा'. एका छपराखाली दोन तऱ्हा. आईला यातली कुठली खरी वाटेल?

आणि दुसरी गोष्ट जी मला सुखाने झोपू देत नाही, ती शेवटाची. पेनी मरणाच्या दारात आहे असं समजून क्वर्ट पुन्हा पिस्तूल बांधतो आणि लॅरेडोला रस्त्यात बोलावतो. पेनीचा ताप उतरतो, ती घरच्यांबरोबर गाडीतून गावात पोचते, त्याच्याकडे पिस्तूल मागते. तो देतो. त्याच क्षणी मागे लॅरेडो आणि त्याचा साथीदार हाँडो पिस्तुलं काढतात, आणि मार्शल मॅक्लिंटॉक दोघांनाही गोळ्या घालतो. क्वर्टचे हात स्वच्छ राहिले. पण राहिले ते दुसऱ्याच्या गोळीने. मला पेनीवर मनापासून विश्वास ठेवायचा आहे आणि तिथे येऊन मी अडखळते. तुम्हाला काय वाटतं?

उगवतीचा_तारा

किती सुंदर लिहिलं आहेस. बाबांचं वाचून गलबलून आलं. चित्रपट पाहिलेला नाही, आज रात्री बघते आणि मग बोलते.

जुनी_रिळं

धागा वाचून फार बरं वाटलं, या चित्रपटाबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

थोडी माहिती. जॉन वेनने स्वतः निर्मिती केलेला हा पहिला चित्रपट, रिपब्लिक पिक्चर्ससाठी. लेखक आणि दिग्दर्शक जेम्स एडवर्ड ग्रँट. तो मुळात लेखक, दिग्दर्शनाचा हा त्याचा पहिलाच प्रयत्न, आणि ते जाणवतं: माणसं बोलत असतात तेव्हा चित्रपट जिवंत असतो. घोडागाडीचा पाठलाग आणि ती कड्यावरून नदीत जाणं, हे सगळं याकिमा कनटच्या देखरेखीखालचं. स्टंटच्या कामात त्याचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता.

मार्शल झालेले हॅरी कॅरी हे मूकपटांच्या काळातले वेस्टर्नचे मोठे नट. सप्टेंबर १९४७ मध्ये ते गेले, म्हणजे हा त्यांच्या अगदी अखेरच्या चित्रपटांपैकी. वेन त्यांना गुरुस्थानी मानायचा. म्हातारा मार्शल क्वर्टकडे बघतो तेव्हा त्या नजरेत धमकी कमी आणि काळजी जास्त आहे. ती नुसत्या अभिनयाची वाटत नाही मला. गेल रसेलबद्दल लिहिताना हात जड होतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची तिला विलक्षण धास्ती होती, ती दारूने बुजवायची सवय लागली, आणि १९६१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली. पेनीच्या चेहऱ्यावर जो निर्धास्तपणा दिसतो तो त्या मुलीने कुठून आणला असेल, हा विचार प्रत्येक वेळी मनात येतो.

प्रिंटबद्दल: १९७५ मध्ये अमेरिकेतल्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे तिथे चित्रपट सगळ्यांना खुला झाला. म्हणून जालावर जागोजाग सापडतो, पण बऱ्याच प्रती पांढुरक्या, धुरकट. मूळचा कृष्णधवल आहे. जरा शोधून स्वच्छ प्रत घ्या. आर्ची स्टाउटचं छायाचित्रण धुरकट प्रतीत बघणं म्हणजे चांगलं ताक पाणी घालून पिणं.

आता शेवट. माझं मत स्पष्ट आहे: चित्रपट इथे पळवाट काढतो. नायकाने सूड घेतला तर नायिका हरते, नाही घेतला तर तो मरतो. तेव्हा लेखकाने म्हातारा मार्शल कोपऱ्यात उभा करून ठेवला. याच्याशी 'विटनेस' (१९८५, पीटर वेअर) ताडून पाहा. तिथे अमिश या शांततावादी ख्रिस्ती पंथाची वस्ती, पेनसिल्व्हेनियाचा लँकेस्टर भाग, गोळी लागलेला पोलीस जॉन बुक. सांगाडा जवळजवळ हाच. बंदूक रिकामी करणंही तिथे आहे, त्याला आसरा देणारी अमिश विधवा रेचेल गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते. पण शेवटी आजोबांच्या खुणेवरून रेचेलचा पोरगा घंटा वाजवतो, शेतांतून माणसं धावत येतात आणि नुसती उभी राहतात. इतक्या डोळ्यांदेखत मारणार किती जणांना? शेवटचा गुंड बंदूक खाली टाकतो. याला मी अहिंसेने जिंकणं म्हणतो.

पाणंद

@जुनी_रिळं, घंटेचा प्रसंग मलाही फार आवडतो. पण त्याआधीच्या दहा मिनिटांत जॉन बुकने एकाला धान्याच्या कोठीत गाडलेलं असतं आणि दुसऱ्याला बंदुकीने उडवलेलं असतं. शेवटच्याला शरण आणलं ते वस्तीने, पण तो एकटा उरला होता तो बुकमुळे. म्हणजे पळवाट तिथेही आहेच, फक्त आधी आहे. शिवाय बुक परत जातो, रेचेल मागे राहते. क्वर्ट राहतो. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. इथे दोन जगं एकमेकांना हात हलवून निरोप देत नाहीत, एक माणूस खरोखर एका जगातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो.

शब्दांकुर

'तू'बद्दल बोलतो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

इंग्रजीत एकेकाळी अगदी आपल्यासारखंच होतं. बरोबरीच्याला आणि लहानाला 'दाऊ-दी', थोरामोठ्याला 'यू'. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या अनुयायांनी ठरवलं की देवासमोर सगळे सारखे, तर एकाला 'तू' आणि दुसऱ्याला 'तुम्ही' का? न्यायाधीशालाही 'तू', जमीनदारालाही 'तू'. टोपी काढून लवायचंही नाही. या दोन गोष्टींपायी लोकांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले. विल्यम पेन हा त्यांच्यातलाच एक, त्याचे वडील नौदलात ॲडमिरल. त्यांनी मुलाला सांगितलं की वाटेल त्याला तू म्हण, फक्त राजाला, ड्यूक ऑफ यॉर्कला आणि मला सोडून! अशी हकिकत पेनच्या चरित्रात सांगतात. त्याच पेनला १६८१ मध्ये राजाकडून जी जमिनीची सनद मिळाली तिचं पेनसिल्व्हेनिया झालं.

पुढे गंमत अशी झाली की सगळं इंग्लंड सगळ्यांनाच 'यू' म्हणू लागलं, आणि क्वेकरांचं 'दी' तेवढं मागे उरलं. भांडायला घेतलेला शब्द घरातला शब्द झाला. १९४७ च्या अमेरिकन प्रेक्षकाला तो बायबलसारखा, सोवळा वाटला असणार. मुळात तो सोवळा नव्हताच, चांगला उद्धट होता.

म्हणून माझं मत: 'तू' ठेवा, पण सगळ्यांच्या बाबतीत सारखं ठेवा. पेनी एकट्या क्वर्टला 'तू' म्हणाली तर सलगी वाटेल. तिची आई डॉक्टरला 'तू' म्हणते, धाकटा जॉनी मार्शलला 'तू' म्हणतो, हे पहिल्या दहा मिनिटांत दिसलं की प्रेक्षक समजून जाईल की या घराची रीतच अशी. मराठीला हे परकं नाही. आपण आईला 'तू' म्हणतो, आजीला म्हणतो, विठोबाला म्हणतो. मालवणीत तर मोठ्या माणसाला 'तू' म्हटलं म्हणून कुणी डोळे वटारत नाही.

रानजाई

वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात, वयाने, पैशाने कितीही फरक असला तरी. तसं काही वापरता येईल का? "माउली, पडून राहा" असं. आईंना पटकन कळेल.

पाणंद

@रानजाई, हे वाचून क्षणभर मोह झाला. पण 'माउली' म्हटलं की टाळ-मृदंग ऐकू येतात, तुळस दिसते. क्वेकरांची प्रार्थना म्हणजे एका खोलीत सगळ्यांनी गप्प बसणं. पुरोहित नाही, मूर्ती नाही, बहुतेक वेळा गाणंही नाही. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलणार, नाहीतर तासभर शांतता. ते त्यांचं त्यांचंच राहू दे. आईला परकं काय आहे तेही कळायला हवं.

@शब्दांकुर, "भांडायला घेतलेला शब्द घरातला शब्द झाला" हे फार आवडलं. 'तू' करतेय. सगळ्यांना.

वाळूची_घड्याळं

मी अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फीनिक्सला असते. चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण सेडोनाचं, आमच्यापासून गाडीने दोनेक तास. मागच्या मार्चमध्ये आई-बाबा आले होते तेव्हा मुद्दाम गेलो.

या चित्रपटासाठी १९४६ मध्ये तिथे वेस्टर्न गावाचा सेट उभारला होता आणि नंतर बरीच वर्षं इतर चित्रपटांनी तो वापरला. आता तिथे घरं आहेत. पण गल्ल्यांना जुन्या वेस्टर्न चित्रपटांची नावं दिली आहेत. पोस्टाच्या पेट्या, गराज, अंगणात निवडुंग, आणि कोपऱ्यावरच्या पाटीवर चित्रपटाचं नाव. मी एकेक पाटी वाचत हिंडले, बाबा गाडीत बसून राहिले.

कृष्णधवल पाहताना एक गोष्ट हुकते, ती म्हणजे तिथल्या मातीचा रंग. महाबळेश्वरची लाल माती आठवा आणि तिच्यात थोडी हळद कालवा. संध्याकाळी खडक आतून पेटल्यासारखे दिसतात. बुटांना लागलेली ती धूळ अजून गेलेली नाही. वर्थांच्या हिरव्या शेताच्या मागे हे पेटते डोंगर आहेत, हे डोक्यात ठेवून बघ पाणंद. पाण्याचा प्रसंगही मग वेगळा वाटतो. वर धरण बांधून वर्थांच्या शेजारचा कार्सन प्रवाह अडवतो, खालच्या शेतांना पाणी नाही. अॅरिझोनात पाणी अडवणं म्हणजे माणसाचा गळा आवळणंच आहे.

उगवतीचा_तारा

पाहिला! आणि पाण्याच्याच प्रसंगावर मला बोलायचं आहे. वर्थ किती दिवस कार्सनला समजावत असतील, पण पाणी सुटतं कधी, तर क्वर्ट इव्हान्सचं नाव ऐकल्यावर. म्हणजे भीतीनेच. आणि त्याबद्दल क्वेकर त्याला सभेत बायबल भेट देतात! त्या वेळी क्वर्टचा चेहरा बघा. त्याला ठाऊक आहे की आपण प्रेमाने नाही, नावाच्या दहशतीने काम केलं. ते बायबल त्याला पेलत नाही, म्हणून तो मित्राबरोबर निघून जातो. मला वाटतं चित्रपटाला स्वतःची पळवाट पुरती ठाऊक आहे. तो लपवत नाही.

जुनी_रिळं

@उगवतीचा_तारा, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे. रिकामं पिस्तूल, धरण आणि शेवटचा रस्ता, तिन्ही ठिकाणी काम होतं ते बंदुकीच्या धाकानेच. मी 'पळवाट' हा शब्द मागे घेत नाही, पण आता पुन्हा बघावा लागेल.

खडू_फळा

मी इतिहास शिकवतो. बराच वेळ नुसता वाचत होतो, पण शेवटाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली एक खरी हकिकत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेत क्वेकर नुसती शेती करत नव्हते. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने ठरवलं की मूळनिवासी जमातींसाठीच्या सरकारी एजन्सींचा कारभार भ्रष्ट लोकांच्या हातून काढून क्वेकरांना द्यायचा. लोक त्याला 'क्वेकर धोरण'च म्हणत. आयोवाचा एक क्वेकर शेतकरी, लॉरी टेटम, आजच्या ओक्लाहोमात फोर्ट सिलजवळ कायोवा आणि कोमांची लोकांचा एजंट झाला. कायोवा त्याला 'टकल्या' म्हणायचे.

मे १८७१ मध्ये टेक्सासात मालगाड्यांच्या एका तांड्यावर हल्ला झाला, सात गाडीवान मारले गेले. काही दिवसांनी कायोवा सरदार सॅटँटा शिधा घ्यायला एजन्सीत आला आणि त्याने टेटमला तोंडावर सांगितलं की हो, आम्हीच केलं. आता टेटमसमोर तोच पेच. बंदूक धरायची नाही, हा त्याचा धर्म. पण फोर्टमध्ये सैन्य आहे. त्याने सैन्याला सांगून सॅटँटा, सॅटँक आणि बिग ट्री या तिघांना अटक करवली. सॅटँक खटल्यासाठी नेताना सुटायची धडपड करत मारला गेला. उरलेल्या दोघांना जॅक्सबरोच्या ज्युरीने फाशी सुनावली, ती पुढे जन्मठेपेवर आली. टेटमला वाटत राहिलं की लोकांचा जीव वाचवायला याखेरीज मार्ग नव्हता. त्याच्यावरच्या क्वेकर समितीला हे पटलं नाही. सैनिकाच्या हाताने मारवणं म्हणजे स्वतः मारणं नव्हे का, हाच त्यांचा सवाल. सॅटँटाला सोडायचं ठरलं तेव्हा, १८७३ मध्ये, टेटमने राजीनामा दिला.

पाणंद यांना जे टोचतंय ते त्या समितीलाही टोचत होतं. मार्शलची गोळी ही पटकथाकाराची युक्ती खरीच, पण पश्चिमेतल्या क्वेकरांच्या अंगणात ती गोळी खरोखर होती. आणि आणखी एक बोलायला हवं. ज्या जमिनीवर वर्थांचं शेत उभं आहे ती जमीन आधी कोणाची होती, तिथून ती माणसं कोणाच्या बंदुकीने हटली, हे चित्रपट विचारत नाही. त्या काळातले बहुतेक वेस्टर्न विचारत नाहीत. पण शांततावादी कुटुंबाच्या गोष्टीत ती अनुपस्थिती मला जास्त बोचते.

वाळूची_घड्याळं

@खडू_फळा, धन्यवाद. सेडोनाच्या आसपास यावापाई आणि अपाची लोकांना १८७५ च्या हिवाळ्यात, सैन्याच्या पहाऱ्यात, दूर सॅन कार्लोसला चालवत नेलं होतं. वाटेत कितीतरी जण दगावले. त्यांचे वंशज दरवर्षी त्या दिवसाची आठवण जागवतात. मी गल्ल्यांच्या पाट्या वाचत हिंडले आणि हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

सूतकताई

वर्ध्याहून लिहितोय. क्वेकर म्हटलं की आमच्याकडे सेवाग्राम आठवतं. मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर शिक्षिका, १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि पुढे सेवाग्रामला नई तालीमच्या (गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या) कामात वर्षानुवर्षं होत्या. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनी लिहिला आहे.

हा चित्रपट फेब्रुवारी १९४७ मध्ये आला हे वाचून एक सांगावंसं वाटलं. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन मदतसंस्थांना मिळालं, एक लंडनची आणि एक अमेरिकेची. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला गांधीजी कलकत्त्यात होते, तेव्हा त्यांच्याबरोबर होरेस अलेक्झांडर हे इंग्रज क्वेकर होते. पडद्यावर पेनी पिस्तूल मागत होती तेव्हा खरे क्वेकर दंगलीतल्या गल्ल्यांतून चालत होते. तिथे कोपऱ्यात मार्शल उभा नव्हता.

रानजाई

@सूतकताई, अंगावर काटा आला.

जुनी_रिळं

१९४७ चं निघालंच आहे तर, अमेरिकेतही तो प्रश्न ताजा होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १२,००० जणांनी धर्मामुळे किंवा विवेकामुळे शस्त्र धरायला नकार दिला आणि त्याऐवजी नागरी सेवेच्या छावण्यांत काम केलं. लोकांनी त्यांना भित्रे म्हटलं. बरेच क्वेकर तरुण मात्र लढायला गेलेही. चित्रगृहात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोन्ही तऱ्हेची माणसं बसली असतील.

आणि पाच वर्षांनी 'हाय नून' (१९५२) आला. तिथली एमीसुद्धा क्वेकर, तिचे वडील आणि भाऊ गोळीने गेलेले. ती शेवटी नवऱ्यासाठी एकाला पाठीत गोळी घालते. तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण पेनीचा शेवट तिच्यापेक्षा अवघड आहे हे आता मला पटतंय. मार्शल आहे हे तिला किंवा क्वर्टला माहीत नसतं. तो पिस्तूल देतो तेव्हा आपण मरणार हे धरूनच देतो.

पाणंद

मंडळी, काल रविवारी आईने पाहिला. १०० मिनिटं जागची हलली नाही, मध्ये एकदा फक्त चष्मा पुसला.

'तू' तिला पाच मिनिटांत सवयीचं झालं. मिसेस वर्थ डॉक्टरला म्हणाली, "तू जेवून जा," तेव्हा आई म्हणाली, "ही पाटलीणबाई दिसते." त्यानंतर तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. क्वर्टच्या तोंडी मी मिस्टर वर्थना शेवटपर्यंत 'तुम्ही' ठेवलंय. तो बाहेरून आला आहे, त्याच्या जिभेला एवढ्यात वळण लागायचं नाही.

@जुनी_रिळं, तुमचं शेवटचं वाक्य मी सकाळी वाचलं आणि रात्री पाहताना सारखं तेच डोक्यात होतं. मार्शल आहे हे त्याला माहीत नाही. मी इतके दिवस गोळी कोणी झाडली तेच बघत होते, त्याचा हात बघतच नव्हते. हा तोच हात, जो तापात रिकाम्या पिस्तुलाशिवाय झोपू शकत नव्हता. @खडू_फळा, टेटमची हकिकत मी आईला सांगितली. तिने सगळी ऐकली आणि विचारलं, "मग त्या टकल्याला नंतर झोप लागत होती का?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी क्वर्ट पेनीच्या गाडीत बसून निघून जातो. पिस्तूल मागे राहतं, ते मार्शल उचलतो. कोणीतरी म्हणतं, त्याला लागेल हे. मार्शल म्हणतो, जो बाळगतो त्यालाच ते लागतं. या वाक्यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या, मराठीत नीट बसावं म्हणून. आईने ते वाचलं की नाही कोण जाणे. तिचं लक्ष पिस्तुलाकडे होतं.

"उचललं ना त्याने?" तिने विचारलं.

"हो, उचललं."

"मग ठीक. रस्त्यात पोरंटोरं खेळत असतात."

फाईल हवी असेल त्यांनी सांगा. दोन ठिकाणी वेळ मागेपुढे झाली आहे, गाडी नदीत पडते तिथे आणि शेवटच्या रस्त्यात. ती आज रात्री दुरुस्त करते. पुढच्या रविवारसाठी आईने 'असलाच अजून एक' मागितला आहे, तेव्हा 'फ्रेंडली पर्स्वेजन' (१९५६) घेतेय. तिथेही सगळं घर 'दी'च म्हणतं, आणि एक क्वेकर आई पाळलेल्या हंसिणीसाठी सैनिकाला झाडूने बडवते. स्वच्छ प्रत कुठे मिळेल ते कोणाला माहीत असेल तर कळवा.